जात्याभोवती कोण कोण बसले आहे?

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा करताना आपण बहुधा लिहिणाऱ्या माणसाची चर्चा करतो. कवी कोण, कथाकार कोण, त्याने कोणत्या मोहल्ल्यातले जगणे शब्दांत आणले, हे आपण विचारतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याला जवळचा वाटत आला आहे. तो रास्तही आहे. परंतु एका माणसाच्या नावावर मांडता न येणारी कलाही असते. ती पाच-दहा जणांनी, कधी शेकडो जणांनी मिळून केलेली असते. तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. इंटरनेट आल्यापासून मात्र हा विचार टाळता येण्यासारखा राहिलेला नाही, असे मला वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी अशा कलेचा एक प्रकार मोबाईलवर पाहिला. पडद्यावर वीस-पंचवीस चौकटी, प्रत्येक चौकटीत आपापल्या घरी बसून गाणारा एक माणूस, आणि कानावर येते ते एकच गाणे. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांनीही त्या वर्षी घरूनच तराणा गाऊन पाठवला होता. आमच्या एका सहकाऱ्यांनी दोन रात्री जागून ते आवाज जोडले. पालकांचे डोळे भरून आले. मलाही आनंद झाला. पण शिक्षिकेच्या सवयीने एक प्रश्नही पडला. मुलांनी या गाण्यात भाग घेतला, म्हणजे नेमके काय केले? एकाही मुलाने दुसऱ्याचा आवाज गाताना ऐकला नव्हता. एखाद्याचा सूर चुकला म्हणून शेजारच्याने त्याला सांभाळून घेतले नव्हते. ज्याचा आवाज फारच वेगळा लागला, तो जोडताना हळूच कमी केला गेला. मग हे एकत्र गाणे होते, की वेगवेगळ्या गाण्यांची बेरीज?

या प्रकाराची सुरुवात बाहेरच्या जगात आधीच झाली होती. एरिक व्हिटेकर या अमेरिकन संगीतकाराने २०१० साली १२ देशांतल्या १८५ गायकांचे आवाज इंटरनेटवरून मागवून एक समूहगान तयार केले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या समूहगानात ५८ देशांतले २,०५२ आवाज होते. प्रत्येक गायक आपल्या खोलीत एकटा बसून, पडद्यावरच्या व्हिटेकरच्या हातवाऱ्यांकडे पाहत गायला. तिथे निदान प्रत्येकाला ठाऊक होते की आपण कशासाठी गातो आहोत. त्याआधी २००६ साली अ‍ॅरन कोब्लिन या कलावंताने केलेला प्रयोग याच्या अगदी उलट होता. त्याने इंटरनेटवरच्या मजुरांकडून डावीकडे तोंड केलेल्या मेंढ्यांची दहा हजार चित्रे काढून घेतली आणि एका मेंढीमागे दोन सेंट दिले. मेंढ्या कशासाठी हव्यात, हे काढणाऱ्यांना सांगितलेले नव्हते. चित्रे काढली हजारोंनी, नाव झाले एकाचे. कोब्लिनला हेच दाखवून द्यायचे होते, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. तरीही ज्यांच्या हातांनी ते दाखवले गेले, त्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या दोन उदाहरणांवरून मी माझ्यापुरती एक कसोटी तयार केली आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कोणत्याही कलाप्रकल्पाला तीन प्रश्न विचारावेत. भाग घेणाऱ्याचे नाव-गाव टिकले का? आपण काय करतो आहोत, हे त्याला माहीत होते का? आणि एकाच्या ओळीला दुसऱ्याने उत्तर द्यायची जागा ठेवली होती का? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण उत्तराची जागा नसेल तर माणसे कितीही असोत, मैफल होत नाही, फक्त गर्दी होते.

ही कसोटी मी परक्या ग्रंथांतून उचललेली नाही. आपल्या दोन्ही भाषांनी ती आपल्याला शिकवलेली आहे. उर्दूत तरही मुशायऱ्याची रीत आहे. एक मिसरा आधीच जाहीर केला जातो. त्याच जमिनीत, तोच काफिया आणि तीच रदीफ घेऊन सगळे शायर गझल लिहून आणतात. जमीन सगळ्यांची, शेर मात्र ज्याचा त्याचा. एकाने वापरलेला काफिया दुसरा अधिक चांगला बांधून दाखवतो आणि ऐकणारे दोघांनाही दाद देतात. मराठीत हेच काम जात्याने केले. पहाटे दोघी बाया समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात, एक जण वैरण घालणार. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने ती उचलायची, आपले दुःख तिच्यात घालून पुढे न्यायची. ओवीचा साचा सर्वांचा होता. त्यात भरलेला भाऊ, सासर, पाऊस, पंढरी मात्र ज्या त्या बाईची होती.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते की जात्यावरच्या या परंपरेत आपलाही हिस्सा आहे. विजापूरकडच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ आणि ‘चरखानामे’ लिहिले गेले. दळण दळताना, सूत कातताना बायांनी ते म्हणावेत, हा त्यामागचा हेतू. त्यांत जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा दिलेली आढळते. दळणाच्या लयीतच जिक्र व्हावा, अशी ती योजना होती. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात यावर लिहिले आणि दख्खनमध्ये इस्लामचा संस्कार घराघरांत पोहोचण्यात या गाण्यांचा मोठा वाटा होता, असे मत मांडले. मला त्यात एक गोष्ट विशेष वाटते. सूफींनी बायांना नवी जागा, नवी वेळ दिली नाही. बाया जिथे आधीच बसलेल्या होत्या, जे आधीच गात होत्या, तिथे ते आपला मिसरा घेऊन गेले. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर ते चालू प्रकल्पात सामील झाले.

आता आपल्या भाषेतल्या अशा सर्वांत मोठ्या प्रकल्पाकडे वळू. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात ‘गरीब डोंगरी संघटने’बरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. गाणाऱ्यांपैकीच काही जणी संघटनेच्या कार्यकर्त्याही होत्या. पुढे हे काम मुळशी-मावळच्या बाहेर मराठवाड्यापर्यंत गेले. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे आणि तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया, एवढा त्याचा पसारा झाला. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकाने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले आणि संगणकावर या सगळ्याची मांडणी उभी केली. प्वातवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. एवढे मोठे काम कपाटात पडून राहण्याचीच भीती होती. परंतु पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने, म्हणजे ‘पारी’ने, ते हाती घेतले. २०१७ पासून या ओव्या तिथे आवाज, मजकूर आणि भाषांतरासह प्रसिद्ध होऊ लागल्या. नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड आणि इतर अनेकांचे हात त्यात आहेत. कोणी ओवी ऐकून उतरवते, कोणी भाषांतर करते, कोणी गावात जाऊन चित्रण करते.

पहिल्या दोन प्रश्नांवर हा प्रकल्प खणखणीत उतरतो. ओवीखाली गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुले, व्यवसाय आणि जात दिलेली असते. जातीचा रकाना पाहून काही वाचक बिचकतील. मला तो आवश्यक वाटतो. कोण कुणाच्या शेतात राबली, कुणाला विहिरीवर पाणी मिळाले आणि कुणाला नाही, हे ओवीच्या पोटात असते आणि रकाना ते उघड करतो. आपल्या बाबतीतही ‘मुस्लिम’ एवढेच लिहून भागणार नाही. पिंजारणीची ओवी वेगळी, बागवानाच्या घरची वेगळी, हे १९९० च्या दशकातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीनंतर तरी आपल्याला मान्य व्हायला हवे.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे ही मंडळी परत गेली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या बायांचे आवाज टिपले होते, त्यांची गावे शोधून, त्यांना भेटून, पुन्हा बोलते केले. संग्राहक गाणी घेऊन जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही, हा खेड्यापाड्यांचा नेहमीचा अनुभव आहे. इथे तसे झाले नाही. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मी प्रथम ऐकला, तेव्हा हिंगोलीपलीकडचे परभणी किती जवळ आहे, हे मला कळले. आवाजात वळण तेच, जे मी लहानपणी मंगरूळपीरजवळच्या आमच्या खेड्यात ऐकले होते. पुण्याच्या पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा ती मराठी मला आपली वाटली.

पण तिसऱ्या प्रश्नाशी मी अडते. उत्तराची जागा कुठे आहे? जात्यावर ओवी संपत नसे, पुढच्या बाईकडे जात असे. संग्रहात आली की ती पुरी होते. तिला क्रमांक मिळतो, अर्थ मिळतो, इंग्रजी रूप मिळते. मी ती ऐकू शकते, दुसऱ्याला पाठवू शकते. पण माझी ओवी तिच्यापुढे लावू शकत नाही. हा दोष मी संग्राहकांच्या माथी मारत नाही. जाते बंद पडले ते विजेच्या चक्कीने, इंटरनेटने नव्हे. बुडणारे घर असेल तर आधी भांडी बाहेर काढावी लागतात. चूल कुठे मांडायची हा विचार नंतरचा. मात्र तो नंतरचा विचार आता कुणीतरी करायला हवा, आणि तो केवळ संग्राहकांनी करावा, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

इथे मला आपल्याविषयी बोलावे लागते. शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यांच्या घडणीत त्यांच्या आईच्या गाण्यांचा वाटा मोठा होता, असे सांगितले जाते. आपण अमर शेखांचा अभिमान बाळगतो आणि त्यांच्या आईच्या पिढीच्या गाण्यांची वही मात्र आपल्या कुणाच्याच घरात नसते. उर्दू माध्यमात शिकलेल्या आम्हा लोकांचा दोष यात अधिक आहे. उर्दूत शिकलो म्हणून ओवी आम्हाला परकी वाटली, आणि घरात दखनी वळणाचे बोललो म्हणून पुस्तकी उर्दूपुढे तेही लाजिरवाणे वाटले. नानीचे गाणे दोन्हीकडून बेवारस झाले.

दोन वर्षांपूर्वी मी आठवीच्या मुलींना सुट्टीत एक काम दिले. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईकडून कामाच्या वेळचे एक गाणे लिहून आणायचे. एकवीस मुलींनी आणले. पहिला पेच लिपीचा होता. निम्म्या मुलींनी उर्दू लिपीत लिहिले, तर मराठीतला ‘ळ’ उर्दूत बसेना. बाकीच्यांनी देवनागरीत लिहिले, तर ‘ख़ैर’चा नुक्ता गेला. एकाच गाण्यात पहिली ओळ वऱ्हाडी, दुसरी दखनी, आणि मध्ये मंगरूळपीरच्या दादा हयात कलंदर यांचे नाव. एके ठिकाणी आवाज पाठवण्याची सोय होती, तिथे आम्ही एक गाणे पाठवायला गेलो. ‘भाषा’ या रकान्यात एकच भाषा निवडता येत होती. मराठी की उर्दू? मुली माझ्याकडे पाहत राहिल्या. जो प्रश्न त्यांच्या नान्या-दाद्यांना सत्तर वर्षांत पडला नव्हता, तो एका रकान्याने अर्ध्या मिनिटात विचारला होता.

मग मी तो नाद सोडून वर्गात वेगळेच केले. एका मुलीच्या दादीची पहिली ओळ फळ्यावर लिहिली आणि तरही मुशायऱ्यासारखी तीच सर्वांना जमीन म्हणून दिली. दुसऱ्या दिवशी ज्या ओळी आल्या त्यांत आईच्या हाताला लागलेला कापसाचा काटा होता, पुण्याला कामावर गेलेला भाऊ होता, आणि मोबाईल रिचार्ज नाही म्हणून न आलेला फोनही होता. साहित्य म्हणून त्यांतल्या तीन-चार ओळीच टिकतील. पण दादीच्या ओळीला साठ वर्षांनी उत्तर मिळाले होते. ज्या मुलीची ती दादी होती, तिने घरी जाऊन त्या ओळी वाचून दाखवल्या. दादी म्हणे एका ओळीवर हसली आणि दुसरी तिने तिथल्या तिथे दुरुस्त करून दिली.

या उत्साहात मी माझ्या स्वतःच्या नानीकडे गेले. नानीचे वय ऐंशीच्या पुढे. आवाज अजून लागतो. मी तिच्या चौदा ओव्या मोबाईलवर टिपल्या आणि सांगितले की हे सगळ्या जगाला ऐकता येईल, खाली तुझे नाव असेल. मामूंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ‘‘अम्मी का आवाज बाजार में नै जाना.’’ माझ्या मनात चटकन राग आला. बाईच्या आवाजालाही पर्दा घालणारा पुरुष, असा लेख मी तिथेच मनात लिहून टाकला. पण नानी जे बोलली ते मामूंचे नव्हते, तिचे स्वतःचे होते. ती म्हणाली, ‘‘बेटा, मेरा नाम कायकू लिखती? ये गाना मेरा है क्या? दो मेरी सास के हैं. बाकी के पाटलीनबाई के. हम दोनों एकीच जाते पे बैठते थे. मैंने बस आगे चलाया.’’

मी बराच वेळ गप्प बसले. नाव-गाव टिकले पाहिजे, ही माझी पहिली कसोटी. आणि नानी सांगत होती की एकच नाव लिहिले तर ते खोटे ठरेल. रकान्यात गाणारी एकच असते. तिच्या जात्यावर तिघी बसल्या होत्या. त्यांतली एक हयात नव्हती, आणि एक गल्लीपलीकडच्या हिंदू घरातली होती. नानीचे नाव लिहून मी त्या दोघींना उठवून लावणार होते. ओव्या ‘मुस्लिम स्त्रीच्या ओव्या’ म्हणून मांडल्या असत्या तर आपल्या साहित्याच्या खात्यात भर पडली असती. पण पाटलीणबाईचा हिस्सा कुठल्या खात्यात लिहायचा?

नानीचा आवाज मी कुठेही पाठवला नाही. तो माझ्याकडे आहे. तिच्या संमतीने ओव्या दोन्ही लिप्यांत एका वहीत उतरवल्या आणि प्रत्येक ओवीपुढे लिहिले: कुणाकडून आली, कुणी पुढे चालवली. पाटलीणबाई हयात नाहीत. त्यांच्या सुनेला मी ती वही दाखवली. तिने तीन ओव्या ओळखल्या आणि एकीचा मला माहीत नसलेला शेवट सांगितला. तोही वहीत आला.

यावरून इंटरनेटवरच्या प्रकल्पांत भाग घेऊ नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. उलट आपण पुष्कळ अधिक भाग घ्यायला हवा. ‘पारी’चे लेख उर्दूतही येतात. आमच्या शाळांतल्या मुलींनी ते वाचावेत, मूळ मराठीशी ताडून पाहावेत, आणि ज्यांना जमेल त्यांनी भाषांतराला हात लावावा. दोन्ही भाषा घरात असलेले लोक या कामाला आपल्याइतके दुसरे कोण मिळणार? पण जाताना आपला आग्रहही बरोबर न्यावा. भाषेच्या रकान्यात दोन भाषा लिहिता याव्यात. गाणारीच्या रकान्यात तिघींची नावे मावावीत. ‘नाव नको’ म्हणणाऱ्या बाईचाही मान राहावा. आणि ओवीखाली पुढच्या ओवीसाठी कोरी जागा असावी.

आमच्या गावातल्या घरी ते जाते अजून आहे. अंगणात उलटे टाकलेले होते. गेल्या रमजानच्या सुट्टीत माझ्या मुलीने आणि पाटलीणबाईच्या नातीने मिळून ते सरळ केले. दाणे दळले गेले नाहीत, कारण त्याला टाकी लावून कित्येक वर्षे झाली आहेत. पण दोघींनी खुंटा धरला, आणि नानीने खाटेवरून पहिली ओळ म्हटली.